वकील घडतो कसा? मुंबई, पुणे, बेळगाव ते म्हैसूर : एक जुनी वाट

गणेशोत्सवाची स्मरणिका म्हटली की लोकमान्य टिळकांचे नाव ओघाने येतेच. १८९३ च्या सुमारास त्यांनी घराघरांतील गणपतीच्या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्याची चळवळ उचलून धरली. ‘केसरी’, मंडाले, गीतारहस्य हे सारे आपण दरवर्षी आठवतो. मात्र त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट आपल्या स्मरणिकांतून सहसा येत नाही. टिळकांनी १८७९ साली कायद्याची एल.एल.बी. ही पदवी घेतली होती. त्यांनी वकिली केली नाही, पण वकील घडवण्याचे काम मात्र केले. १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला. हायकोर्ट वकिलीच्या आणि जिल्हा वकिलीच्या परीक्षांना बसणारी मुले त्यात शिकत. वर्तमानपत्रातून पोट भरण्याजोगे उत्पन्न नव्हते, तेव्हा या वर्गाचा त्यांच्या संसाराला आधार होता. साताऱ्यात वकिली करणाऱ्या न. चिं. केळकरांना १८९६ साली टिळकांनी पुण्याला बोलावून घेतले, ते वर्गाच्या आणि वर्तमानपत्राच्या कामात मदत व्हावी म्हणूनच.

ज्या माणसाने पुढे १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःचा बचाव स्वतः केला आणि काही दिवसांत मिळून एकवीस तासांहून अधिक भाषण केले, त्या माणसाने अनेक वर्षे मुलांना कायदा समजावून सांगितला होता, हे लक्षात घेतले की त्या भाषणाकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते.

या निमित्ताने एक प्रश्न मनात येतो. वकील घडतो कसा, आणि कुठे? इंजिनिअर कसा होतो, डॉक्टर कसा होतो, हे आपल्या मंडळातील शाळकरी मुलेही सांगतील. वकिलाबद्दल तसे नाही. शिवाय या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या म्हैसूरचा आणि महाराष्ट्राचा एक जुना धागा गुंतलेला आहे. तो फारसा कुणी उलगडून सांगत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

सनदेच्या आधी

‘वकील’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी ठेवलेला आपला प्रतिनिधी. त्याचा कोर्टकचेरीशी संबंध असलाच तर प्रसंगाने. न्यायाचे काम पंचायतीत किंवा न्यायाधीशापुढे चाले आणि वादी-प्रतिवादी आपली बाजू बहुधा आपणच मांडत. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश तयार झाला तो काशीला जाऊन शास्त्राध्ययन केल्यावर. म्हणजे कायद्याचे शिक्षण हे तेव्हा धर्मशास्त्राच्या शिक्षणाचाच एक भाग होते.

या शास्त्राचा सर्वांत वजनदार ग्रंथ आपल्या कर्नाटकातला आहे, हे इथे आवर्जून सांगायला हवे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. ही गोष्ट साधारण इसवी सन ११०० च्या आसपासची. त्यातील वारसाहक्काच्या भागाचे इंग्रजी भाषांतर कोलब्रुकने १८१० साली प्रसिद्ध केले, आणि इंग्रजी न्यायालयांनी हिंदूंच्या वारसाचे निवाडे देताना देशाच्या फार मोठ्या भागात याच ग्रंथाचा आधार घेतला. मूळच्या पैठणच्या, पण काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातील नीलकंठ भट्टाचा ‘व्यवहारमयूख’ गुजरात, मुंबई आणि उत्तर कोकणात त्याच्या जोडीने मान्यता पावला. पुढे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी याच परंपरेचा इतिहास पाच खंडांत लिहिला. पहिला खंड १९३० साली आणि शेवटचा १९६२ साली आला. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. काणे स्वतः मुंबई हायकोर्टात वकिली करत आणि मुंबईच्या लॉ कॉलेजात त्यांनी शिकवलेही होते. संस्कृत पंडित आणि चालता वकील एकाच माणसात असणे ही त्या पिढीची खासियत.

१८१८ नंतर कंपनी सरकार आले. १८२७ साली एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखली जाणारी नियमावली लागू झाली आणि अदालतींतून सनदी वकील उभे राहू लागले. ‘सनद’ हा शब्द मराठी वकिलांच्या तोंडी आजही आहे. सनद मिळवण्याची रीत साधी होती. एखाद्या जुन्या वकिलाकडे बसायचे, अर्ज-फिर्यादी उतरवून काढायच्या, पक्षकाराशी बोलणे कसे चालते ते ऐकायचे, आणि मग परीक्षा द्यायची. सुताराचा मुलगा रंधा शिकतो तसे हे शिक्षण. त्यात हात तयार होई, पण कायद्यामागचा विचार कळेलच असे नाही.

मुंबईचा वर्ग

ही उणीव भरून काढण्याचा पहिला प्रयत्न मुंबईत झाला. सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी १८५२ साली निवृत्त झाले, तेव्हा नागरिकांनी त्यांच्या स्मरणार्थ निधी उभा केला आणि त्यातून न्यायशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निर्माण झाली. १८५५ साली कायद्याचे वर्ग सुरू झाले. तेच आजचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. मुंबई विद्यापीठ त्यानंतर दोन वर्षांनी, १८५७ साली स्थापन झाले आणि मुंबई हायकोर्ट १८६२ साली. म्हणजे कोर्टाच्याही आधी कॉलेज. न्यायमूर्ती रानडे १८६६ साली एल.एल.बी. झाले.

या कॉलेजाची एक पद्धत होती. शिकवणारे बहुतेक स्वतः कोर्टात वकिली करणारे असत. त्यामुळे वर्ग कोर्टाच्या वेळेच्या आगेमागे, सकाळी किंवा सायंकाळी भरत. आधी बी.ए. व्हायचे आणि मग कायद्याची दोन वर्षे काढायची. उरलेला दिवस नोकरी किंवा एखाद्या वकिलाचे ऑफिस. गरीब विद्यार्थ्याला हे सोयीचे होते, पण कायद्याचे शिक्षण हे फावल्या वेळात उरकण्याचे काम आहे अशी समजूत त्यातून रूढ झाली.

या समजुतीला आतूनच हादरा देणारा माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आल्यावर त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली आणि १९२८ मध्ये ते या कॉलेजात शिकवू लागले. १९३५ साली ते तेथेच पेरी प्राध्यापक आणि प्राचार्य झाले; १९३८ पर्यंत ते प्राचार्य होते. जानेवारी १९३६ मध्ये कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर एक लेख लिहिला. चांगल्या वकिलाजवळ कोणती शिदोरी हवी असा प्रश्न त्यात त्यांनी विचारला आहे. कलमे पाठ असणे पुरेसे नाही; मूलतत्त्वांची जाण हवी, इतर विषयांचे ज्ञान हवे, मुद्दा नीट मांडता यायला हवा, असा त्यांचा रोख. पुढे १९५६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय काढले.

आणि एक गोष्ट. ऑगस्ट १९४७ मध्ये घटनेचा मसुदा तयार करण्यासाठी जी सात जणांची समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष आंबेडकर. त्या समितीत बी. एल. मित्तर यांच्या जागी पुढे आले एन. माधवराव. हे १९४१ ते १९४६ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. मुंबईच्या लॉ कॉलेजचा माजी प्राचार्य आणि म्हैसूरचा माजी दिवाण देशाच्या घटनेच्या मसुद्यावर एकाच टेबलाशी बसले.

अंतर हीच पहिली प्रवेशपरीक्षा

मुंबई इलाखा किती पसरलेला होता! सिंधपासून कारवारपर्यंत. धारवाड, विजापूर, बेळगाव हे जिल्हे त्यातच. त्यामुळे धारवाडच्या मुलाला कायद्याची पदवी हवी तर मुंबईला राहणे भाग. कर्नाटक एकीकरणाच्या चळवळीचे प्रणेते आलूर वेंकटराव यांचेच पाहा. त्यांचे बी.ए. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले आणि १९०५ च्या सुमारास मुंबईहून एल.एल.बी. होऊन ते धारवाडला परतले. टिळकांचे गीतारहस्य कन्नडमध्ये आणणारे ते हेच. पण मुंबईचा खर्च किती जणांना झेपणार?

हे अंतर पहिल्यांदा कमी झाले ते पुण्यात. १९२३ साली तेथे इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली, सर नारायण चंदावरकर तिचे पहिले अध्यक्ष. १९२४ मध्ये सोसायटीचे लॉ कॉलेज सुरू झाले. पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे हे धर्मशास्त्रावरील ग्रंथांचे संपादक आणि भाषांतरकार म्हणूनही प्रसिद्ध. सुरुवातीचे वर्ग फर्ग्युसन कॉलेजच्या जागेत भरले. मग टेकडीच्या पायथ्याशी कॉलेजची स्वतःची विस्तीर्ण जागा झाली. आज पुण्यात ज्याला सगळे ‘लॉ कॉलेज रोड’ म्हणतात तो रस्ता या कॉलेजाच्या नावाचा. भारताचे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड दोघेही येथलेच विद्यार्थी. पुण्यानंतर १९३३ साली कोल्हापूरला साईक्स लॉ कॉलेज निघाले. तेच आजचे शहाजी लॉ कॉलेज. १९३९ साली कर्नाटक लॉ सोसायटीने बेळगावला राजा लखमगौडा लॉ कॉलेज सुरू केले.

आता आपल्या म्हैसूरकडे वळू. म्हैसूर हे पुढारलेले संस्थान. १८८४ साली येथे तीन न्यायाधीशांचे चीफ कोर्ट स्थापन झाले, १९३० साली त्याचे नाव म्हैसूर हायकोर्ट झाले. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ निघाले. महाराजा कॉलेजात देशभर नाव असलेले प्राध्यापक शिकवत. असे असूनही कायद्याचे सरकारी कॉलेज बंगळुरात सुरू झाले ते १९४८ साली, स्वातंत्र्यानंतर. त्याआधी म्हैसूर संस्थानातील मुलाला कायदा शिकायचा तर बहुधा मद्रास गाठायचे किंवा रात्रभर रेल्वेने प्रवास करून पुणे-मुंबईकडे जायचे.

कोण कोण त्या वाटेने गेले ते पाहिले की आश्चर्य वाटते. एस. निजलिंगप्पा बंगळुरच्या सेंट्रल कॉलेजातून १९२४ साली बी.ए. झाले आणि १९२६ साली पुण्याच्या लॉ कॉलेजातून कायद्याचे पदवीधर. म्हणजे कॉलेज सुरू झाल्यानंतरच्या अगदी पहिल्या तुकड्यांतले ते विद्यार्थी. केंगल हनुमंतय्या रामनगर भागातील एका खेड्यात जन्मले. १९३० साली ते आपल्या म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून बी.ए. झाले आणि १९३२ साली पुण्याहून वकील होऊन परतले. बंगळुरची विधानसौध ही भव्य वास्तू ज्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली ते हेच. जमखंडीकडचे बी. डी. जत्ती कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकले आणि साईक्स लॉ कॉलेजातून वकील झाले. ते पुढे भारताचे उपराष्ट्रपती झाले. हनुमंतय्या १९५२ ते १९५६, निजलिंगप्पा १९५६ ते १९५८ आणि पुन्हा १९६२ ते १९६८, मधल्या १९५८ ते १९६२ या काळात जत्ती. मधली काही अल्पकाळाची मंत्रिमंडळे सोडली, तर सोळा वर्षे म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्रिपद अशा तिघांकडे होते, ज्यांनी कायद्याचा अभ्यास पुण्यात किंवा कोल्हापुरात केला होता.

चौथे नाव तर आपल्या अगदी शेजारचे. पांडवपुर तालुक्यातील एंगलगुप्पे या खेड्यात १९२४ साली जन्मलेले ई. एस. वेंकटरामय्या. महाराजा कॉलेजात बी.ए., मग पुण्याचे लॉ कॉलेज आणि नंतर बेळगावचे राजा लखमगौडा लॉ कॉलेज. १९८९ साली ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या कन्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांची २०२१ साली सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक झाली. म्हैसूर, पुणे, बेळगाव ही वाट किती दूरवर पोचते ते या एका घरावरून कळावे.

पण या यादीवर नुसते खूश होऊन भागणार नाही. तिची दुसरी बाजूही आहे. गेले ते दिसतात, जे जाऊ शकले नाहीत ते दिसत नाहीत. ज्या गावात कॉलेज नाही त्या गावातून कोण वकील होणार, हे हुशारीवर कमी आणि घरच्या परिस्थितीवर जास्त ठरे. मुलींची वाट तर अधिक बिकट होती. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या. १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, १८९७ साली मुंबई विद्यापीठाच्या एल.एल.बी. झाल्या. तरीही स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा होण्यासाठी १९२३ साल उजाडावे लागले. पदवी हातात आणि सनदेसाठी पंचवीस वर्षांहून अधिक थांबणे, हे कुणाही पुरुष वकिलाच्या वाट्याला आले नाही.

पुस्तक, हात आणि मन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कॉलेजे वाढली, अंतर कमी झाले. मग शिक्षण सुधारले का?

या विषयावर जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे. अमेरिकेतील हार्वर्डला १८७० च्या सुमारास लँगडेल या प्राध्यापकाने व्याख्यानाऐवजी प्रत्यक्ष निकाल वाचून त्यावर विद्यार्थ्यांना उलट प्रश्न विचारण्याची पद्धत रुळवली. तीच अमेरिकाभर पसरली. तिच्या शंभराहून अधिक वर्षांनंतर, २००७ साली, कार्नेगी प्रतिष्ठानाने अमेरिका आणि कॅनडातील सोळा लॉ कॉलेजांची पाहणी प्रसिद्ध केली. वकिलाचे शिक्षण तीन प्रकारची उमेदवारी असते असे त्यात म्हटले आहे. एक, वकिलासारखा विचार करणे. दुसरी, वकिलाचे प्रत्यक्ष काम करणे. तिसरी, वकील म्हणून आपली जबाबदारी आणि नीती ओळखणे. कॉलेजे पहिल्या प्रकारात तरबेज आहेत आणि दुसऱ्या-तिसऱ्यात कमी पडतात, हा पाहणीचा निष्कर्ष. डॉक्टरकीचा विद्यार्थी शिकता शिकताच रुग्णाच्या खाटेशी उभा राहतो, वकिलीच्या विद्यार्थ्याला मात्र पक्षकार दिसतच नाही, अशी तुलनाही त्यात होती.

बर्कली येथील मार्जोरी शुल्ट्झ आणि शेल्डन झेडेक या दोन संशोधकांनी निराळा मार्ग घेतला. चांगला वकील कशाला म्हणायचे, असे त्यांनी वकील, न्यायाधीश आणि पक्षकार यांनाच विचारले. उत्तरांतून २६ गुणांची यादी तयार झाली. कायद्याचे विश्लेषण हा त्यातला एक. पण ऐकून घेणे, वाटाघाटी, समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे, कामाचे नियोजन, सचोटी हेही त्यातच होते. आणि प्रवेशपरीक्षेतील गुणांवरून या साऱ्याचा अंदाज फारसा बांधता येत नाही असे दिसून आले.

आपल्या जुन्या मंडळींना यात नवे काय वाटले असते? जुन्या वकिलाकडे बसणारा उमेदवार दुसरी गोष्ट शिकत होता, मुंबईचा वर्ग पहिली शिकवत होता. तिसरी गोष्ट शिकवली जात नव्हती. ती कुणाच्या तरी सहवासात लागायची. प्रामाणिक वकिलाकडे बसलात तर प्रामाणिकपणा, नाहीतर दुसरेच काही. या तिन्हींची मोट एकत्र बांधणे हेच अवघड काम, आणि आपला देश त्याच्याशी गेली साठ वर्षे झटतो आहे.

१९६१ च्या वकिलांच्या कायद्यात सनदेपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गेली. १९९५ साली बार कौन्सिलने एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम पुन्हा केले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याने असा अधिकार कौन्सिलला दिलेला नाही म्हणून ते रद्द केले. २००८ च्या नियमांनी कॉलेजात असतानाच तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा केला. २०११ पासून पदवीनंतरची अखिल भारतीय बार परीक्षा सुरू झाली. ती इंग्रजीखेरीज मराठी, कन्नड यांसारख्या भाषांतूनही घेतली गेली आहे. २०२३ साली घटनापीठाने ही परीक्षा वैध ठरवली. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ पदासाठी आधी तीन वर्षांची वकिली हवी असा निकाल दिला. कॉलेजातून थेट न्यायासनावर बसलेल्याला कोर्टाचे कामकाज आणि पक्षकाराची अडचण उमगत नाही, हा त्यामागचा अनुभव. म्हणजे एक प्रकारे सनदेच्या काळातील उमेदवारीकडेच आपण पुन्हा वळून पाहतो आहोत.

या प्रयत्नांतील मोठा प्रयोग आपल्यापासून अवघ्या तीन तासांवर झाला. बंगळुरच्या राष्ट्रीय विधी शाळेत १९८८ साली पहिली तुकडी दाखल झाली. संस्थापक प्रमुख एन. आर. माधव मेनन यांनी बारावीनंतर थेट पाच वर्षांचे शिक्षण घेतले, आणि इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र हे विषय कायद्याच्या जोडीने ठेवले. कायदा एकटा शिकवून भागत नाही, हे आंबेडकरांनी १९३६ साली सांगितलेले येथे प्रत्यक्षात आले असे म्हटले तर वावगे ठरू नये. पुढे देशभर अशी विद्यापीठे निघाली. महाराष्ट्रातही मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे. कर्नाटकातील बाकीच्या लॉ कॉलेजांसाठी २००९ साली हुबळीला स्वतंत्र कायदा विद्यापीठ झाले. आपल्या म्हैसूर शहरात तर शारदा विलास, जे.एस.एस., विद्यावर्धक अशी लॉ कॉलेजे आहेत. ज्या गावातील मुलाला पूर्वी पुण्याला जावे लागे, त्या गावात आज मुलाला सायकलने लॉ कॉलेजला जाता येते.

मैलांचे अंतर संपले. पण अंतर संपले का? राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेसाठी वेगळे क्लास, वेगळे इंग्रजी, मोठी फी. १९३० साली जे काम रेल्वेचे भाडे करत होते ते आज कोचिंग क्लासची फी करते आहे. हुशार पण साधनहीन मुलगा तेव्हाही बाहेर राहत होता, आजही राहण्याचा धोका आहे. हे आपण विसरू नये.

आपल्या मुलांसाठी

आपण म्हैसूरला कशासाठी आलो? कुणी संशोधन संस्थेत, कुणी बँकेत, कुणी कारखान्यात, कुणी संगणक कंपनीत, कुणी सोन्याच्या गलाईच्या धंद्यात. त्यामुळे घरात मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला की इंजिनिअरिंग आणि मेडिकल यापलीकडे बोलणे सहसा जात नाही. ‘वकील’ म्हटले की आईवडील एकमेकांकडे पाहतात. पण इथे वाढलेल्या मराठी मुलाजवळ एक भांडवल आहे, जे पुण्याच्या मुलाजवळ नाही. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी. हायकोर्टाचे काम इंग्रजीत चालते, पण खालच्या कोर्टात पक्षकार कन्नड बोलतो, साक्षीदार कन्नड बोलतो, कागद कन्नडमध्ये असतात. तो कागद स्वतः वाचता येणे हेच वकिलाच्या हाताचे पहिले कसब.

शब्दांची तर गंमतच आहे. वकील, फिर्यादी, जामीन, दावा, वारसदार, कचेरी हे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच. आपल्याकडचा कुळकर्णी म्हणजे जुन्या म्हैसूरचा शानभोग, मामलेदार म्हणजे अमलदार. आपण सात-बारा म्हणतो तेथे कर्नाटकात पहाणी म्हणतात, आणि शहरातील घराची नोंद ‘खाता’त होते. एका भाषेतील कारभार कळला की दुसऱ्या भाषेतील अर्धा कळतोच. त्याच्या जोडीला ज्याला मोडी वाचता येईल, त्याला सीमाभागातील आणि जुन्या मराठी घराण्यांतील जमिनीच्या कागदांत कधी काम कमी पडणार नाही.

आपल्या परिवारात निवृत्त न्यायिक कर्मचारी, बँकांच्या कायदा विभागात काम केलेले अधिकारी, वकिली करणारे सभासद आहेत. कायदा शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्यांनी सुटीत आठ दिवस आपल्याबरोबर कोर्टात नेले, एक दावा पहिल्या अर्जापासून शेवटच्या हुकमापर्यंत दाखवला, पक्षकाराचे बोलणे मध्येच न तोडता कसे ऐकायचे ते दाखवले, तर कुठल्याही अभ्यासक्रमात न मिळणारे शिक्षण त्याला मिळेल. त्यासाठी वेगळ्या निधीची किंवा इमारतीची गरज नाही. टिळकांचा वर्गही काही इमारतीच्या जोरावर चालला नव्हता. आणि ज्यांची मुले नववी-दहावीत आहेत त्यांना एवढेच सांगणे, की मुलाने किंवा मुलीने वकील व्हायचे म्हटले तर घाईने नाही म्हणू नका. पुण्याला जाण्यासाठी या गावच्या मुलांनी रात्रीची गाडी पकडली होती. आता कॉलेज आपल्या गावात आहे, आणि गावच्या कोर्टाबाहेरच्या बाकांवर आपले म्हणणे कुणी तरी नीट ऐकून घ्यावे म्हणून बसलेली माणसे रोज दिसतात.